न पडलेला तडा

कुसुम, सरक बरं अशी जवळ. अकोला काय सातासमुद्रापार आहे? भाऊ गेला अन् वहिनीचं घर परकं झालं का गं तुले? फोन करते, तब्येत विचारते, ठेवून देते. म्हणून लिहून राहिली. हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही — देवापुढंही नाही.

तुझ्या भावाची ती विलायती गाडी. दोन सीटांची, बिनछताची. बार्शीटाकळीच्या एका गोठ्यातून ट्रॅक्टरमागं बांधून इथं राजापेठेत आणली, तेव्हा तूच म्हणाली होती, "भाऊ, गाडी आणली का म्हशीले पाणी पाजाचं टाकं?" पण त्याईनं ती चालू केली. इंजिनाले दोन कार्बोरेटर. रबरी नळीचं एक टोक कानाले, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी — दोन्हीचा श्वास सारखा लागेपर्यंत संध्याकाळ सरायची. घरात आमी दोघंच. मी चहा ठेवायची, गार झालेला उचलायची. माझा श्वास कोणी ऐकावा, कुसुम?

मग एका उन्हाळ्यात चांदूर रेल्वेहून येताना गाडी तापली, बंद पडली. गफ्फार मिस्त्रीकडे टाकली अन् तुझे भाऊ अकोल्याले तुझ्याकडे आले — तुझ्या मालकाच्या ऑपरेशनाले. त्याईच्या मागं मी मिस्त्रीकडे गेली. तो म्हणाला, "भाभी, सिर्फ गॅस्केट उडा है. इंजन एकदम अच्छा."

मी म्हटलं, काढून टाका. जीपचं डिझेल इंजिन बसवा. जुन्या गाड्यांले सगळे बसवतातच ना?

"सौतन को निकाल रहे क्या, भाभी?" तो हसला. मी नाही हसली. भंगारवाल्याची हातगाडी मीच बोलावली. मिस्त्रीले म्हटलं, तुमी मधात बोलू नका.

अन् तुझ्या भावाले सांगतलं — इंजिनाच्या ब्लॉकले तडा गेला होता, कामातूनच गेलं.

ते रागावले नाहीत. "मीच तापवली गं. काट्याकडे पाहायले पाहिजे होतं." नव्या इंजिनावर गाडी एकदाच बाहेर काढली, गल्लीच्या टोकावरून वळवली, ताडपत्री टाकली. मग रोज संध्याकाळी घरातच. मले हेच पाहिजे होतं ना? गरम चहा प्यायचे, भिंतीकडे पाहायचे.

दर दिवाळीले तू चिडवायची, "भाऊनं इंजिन भाजून खाल्लं!" ते मान खाली घालून हसायचे. मी चिवडा वाढत राहायची. तेव्हा बोलता आलं असतं — नाही?

शेवटच्या आजारपणात त्याईनं एकदा विचारलं, "तडा नेमका कुठं होता गं?"

"खाली. बुडाशी." एवढं बोलली अन् त्याईच्या ओठाले पाण्याचा चमचा लावला.

नळी अजून खिळ्यावर आहे. तडा नव्हता, कुसुम. कुठंच नव्हता.

हे वाचून फोन नको करू. रागवायचं तर इथं येऊन, समोर बसून रागव. पण ये — लवकर ये.