सान इसिद्रोचं तोंड भिंतीकडे

बेलार्मिनो ताफोयाकडून लाकडी संत विकत घेणं हे त्याच्या घरची मुलगी मागायला जाण्यापेक्षा अवघड होतं. हे मी अनुभवाने सांगते. त्याची मुलगी माझ्या भाच्याला दिली तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला होता, "दारू पितो का?" पण सान आंतोनियोची वीतभर उंचीची मूर्ती मला देताना त्याने माझी चांगली उलटतपासणी घेतली.

"काय काम देणार त्याला, कोमाद्रे?"

माझ्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याला तो आणि त्याची बायको एर्लिंडा धर्माचे आईबाप म्हणून उभी राहिली होती, तेव्हापासून आम्ही एकमेकांना कोमाद्रे-कोम्पाद्रे म्हणतो.

"माझ्या वस्तू हरवतात. चष्मा, किल्ल्या. परवा तर कवळी हरवली."

"पण रोज हरवतं ना काहीतरी? नाहीतर बसून बसून तो आळशी होतो."

"रोज हरवतं."

"आणि त्याने नाहीच ऐकलं तर?"

"भिंतीकडे तोंड करून उभा करीन. तरीही नाही ऐकलं, तर पिठाच्या डब्यात उलटा."

तेव्हा कुठे त्याने मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. वर बजावलं, "बाळ येशूला मात्र त्याच्या कडेवरून काढून घेऊ नका. मार सोसतो तो, पण पोर काढून घेतलं की मनाला लावून घेतो."

सिस्टरांच्या शाळेत मला शिकवलं होतं की संतांशी नम्रपणे बोलावं. घरी आमची आई गारा पडल्या की शेतकऱ्यांच्या सान इसिद्रोला बखोटीला धरून मक्याच्या शेतात नेई आणि म्हणे, "बघ, तुझा पराक्रम बघ!" शाळेचं शिक्षण मी परीक्षेत वापरलं. उरलेलं आयुष्य आईच्या शिक्षणावर निघालं.

बेलार्मिनोचे वडील त्रांकिलिनो हेही संत कोरायचे. कॉटनवुड झाडाच्या मुळाचं हलकं लाकूड, वर खडू आणि सरसाचा लेप, मातीचे आणि झाडपाल्याचे रंग, शेवटी पिन्योन पाइनच्या डिंकाचं रोगण. यात बेलार्मिनोने काही बदल केला नाही. पोटापाण्यासाठी तो हिवाळ्यात शाळेची बस चालवायचा आणि उन्हाळ्यात डोंगरावरच्या ऑपेरात गाड्या लावून द्यायचा. ऑपेराला येणारी माणसं गाडीच्या मागे टेबल मांडतात, चांदीच्या मेणबत्त्या लावतात आणि रेशमी कपडे घालून धुळीत जेवतात. उरलेलं बेलार्मिनोला देतात. एर्लिंडा म्हणायची, "आमच्याकडे जूनपासून ऑगस्टपर्यंत कोळंबी, आणि सप्टेंबरपासून बीन्स."

पण त्याचा खरा सण म्हणजे जुलैमधली सांता फेच्या चौकातली जत्रा. आमच्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या जुन्या कलांची. विणकर, पत्र्याच्या आरशांचे कारागीर, भरतकाम करणाऱ्या बायका, संत कोरणारे. चौकाच्या कोपऱ्यात, जुन्या राजवाड्याच्या पडवीसमोर, एका झाडाखाली ताफोयांचा मांडव. ती जागा त्रांकिलिनोची. त्याच झाडाखाली मूर्ती मांडताना त्यांना शेवटचा झटका आला होता, आणि त्याही अवस्थेत त्यांनी एका टेक्सासच्या बाईला "तुम्हाला नाही जमायचं" म्हणून स्वयंपाकघर सांभाळणारा सान पास्कुआल नाकारला होता. वळण तिथूनच आलेलं.

त्या वर्षी जत्रेच्या कमिटीवर नवी प्रमुख आली. टॅनरबाई. मूळची ओहायोची, उंच, नीटनेटकी, उन्हाने लाल झालेली. वसंतात ती बेलार्मिनोच्या घरी आली तेव्हा मी तिथेच कॉफी पीत होते.

"मिस्टर ताफोया, गेल्या वर्षी तुम्ही किती संत विकले?"

"एकही नाही."

"त्याआधीच्या वर्षी?"

"एक. पण तो सोमवारी जाऊन परत आणला. बाईने त्याच्या डोक्यावर टोप्या अडकवल्या होत्या."

टॅनरबाईने श्वास घेतला. "कोपऱ्यातल्या जागेसाठी कितीतरी तरुण कारागीर थांबलेत. कमिटीने ठरवलंय, यंदा ज्याच्या मांडवात एकही विक्री होणार नाही, त्याला पुढच्या वर्षी मागच्या गल्लीत जागा."

"मागच्या गल्लीत फिरते संडास असतात," एर्लिंडा म्हणाली.

"त्यांच्या थोडं अलीकडे."

बेलार्मिनोने टोपी काढली, परत घातली. त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. "तिथे माझे वडील..." एवढंच म्हणाला.

"मग विका ना! एकच विका. माणसं पैसे हातात घेऊन उभी असतात. अडचण काय आहे?"

तेव्हा त्याने तिला सगळं समजावलं. संताला काम हवं. काम केलं तर मेणबत्ती, नाही केलं तर भिंतीकडे तोंड. गारा पडल्या तर सान इसिद्रोला उचलून नुकसान दाखवायचं. जो मालक संताला रागावत नाही, त्याचा संत बिघडतो. टॅनरबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "फार सुंदर परंपरा आहे," ती म्हणाली. तिला काहीही कळलेलं नाही, हे आम्हा तिघांनाही कळलं.

जत्रेच्या शनिवारी मी आणि एर्लिंडा मांडवात मागे बसलो होतो. मध्यभागी सान इसिद्रो होता, हातभर उंचीचा, निळा कोट, पायाशी बैलजोडी, आणि त्याच्याऐवजी नांगर धरणारा छोटा देवदूत. बेलार्मिनोने तो हिवाळाभर कोरला होता.

पहिली बाई डॅलसची. "अय्या, किती गोड! माझ्या दिवाणखान्यात एक कोपरा रिकामा आहे."

"कोपरा राखायला कुत्रा ठेवा," बेलार्मिनो म्हणाला.

मग एक प्राध्यापक आले. त्यांना सान इसिद्रोची जन्मतिथीसुद्धा पाठ होती. बेलार्मिनो खुलला. एर्लिंडाने माझा हात दाबला.

"तुमची शेती आहे?"

"नाही, पण बाग आहे. पावसासाठी प्रार्थना करीन."

"वा! आणि नाही पडला पाऊस तर?"

"तरी माझा आदर तसूभरही कमी होणार नाही," प्राध्यापक हात जोडून म्हणाले.

बेलार्मिनोने मूर्ती मागे ओढली. "असल्या लाडानेच वाया जातात."

संध्याकाळपर्यंत त्याने एका डॉक्टरला, एका नवविवाहित जोडप्याला आणि एका पाद्र्याला परत पाठवलं. पाद्री आमच्याच चर्चचा होता. टॅनरबाई दर तासाला लिंबूपाण्याचा ग्लास घेऊन मांडवावरून जायची, रिकाम्या पैशाच्या डब्याकडे पाहायची आणि ओठ घट्ट मिटून पुढे जायची.

घरी परतताना एर्लिंडा म्हणाली, "कोमाद्रे, मी संडासाशेजारी बसणार नाही. पण हा बसेल. एकटा जाऊन बसेल आणि तिथेही नाही म्हणेल. आणि मग वर्षाच्या आत मरेल. मला माहीत आहे ना हा माणूस."

ती हे हसत म्हणाली नव्हती.

रविवारी तिने बेत केला. प्रार्थना झाल्यावर चौकात येताना तिने एका गिऱ्हाइकाला गाठलं. आडदांड, भरघोस मिशांचा, कोलोराडोचा गुरंवाला. त्याला बाजूला घेऊन तिने सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं त्याच्याकडून घोकून घेतली. इसिद्रोचं काय, आंतोनियोचं काय, हेही सांगितलं. सगळं सांगितलं हीच चूक झाली. आंतोनियो म्हणजे हरवलेल्या वस्तू आणि लांबलेली लग्नं, हेही त्याच्या डोक्यात जाऊन बसलं.

गुरंवाला मांडवात आला, त्याने सान इसिद्रोवर बोट ठेवलं आणि शाळेतल्या मुलासारखं म्हणून दाखवलं, "मला हा हवा. मला अजून नवरा मिळालेला नाही. याने नाही मिळवून दिला तर मी याला पिठात उलटा घालीन."

बेलार्मिनोने त्याला मिशांपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"नवरा कसा हवा?"

"चालेल कसाही," गुरंवाला घाम पुसत म्हणाला.

"एर्लिंडा!" मागे न वळता बेलार्मिनो ओरडला.

"मला काय विचारता? त्याचा प्रश्न आहे!"

"गेल्या तीस वर्षांत माझ्याशी खोटं बोलली नाहीस, आणि आज संतासमोर?"

"तीस वर्षांत रोज बोलले. तुम्हाला आज कळलं."

दोघं दुपारपर्यंत एकमेकांशी बोलली नाहीत. मला मध्ये बसून निरोप द्यावे लागत होते. "कोमाद्रे, तिला सांगा टॉर्टिया कुठे आहेत." "कोमाद्रे, त्यांना सांगा, डोळ्यांसमोर."

दुपारी मुलांची मिरवणूक आणि नाच. टॅनरबाईने त्यासाठी वर्षभर खपून कपडे शिवून घेतले होते, गिटारवाले आणले होते, चौकभर कागदी फुलांच्या माळा लावल्या होत्या. डोंगराच्या बाजूला ढग काळे झालेले आम्हा सगळ्यांना दिसत होते. ती त्या बाजूला मुद्दाम पाहत नव्हती. मुलं मंचावर चढली, पहिली गिटार वाजली, आणि गारा आल्या. जर्दाळूएवढ्या. माळा फाटल्या, मुलं रडत धावली, गिटारवाले वाद्यं पोटाशी धरून पळाले. सगळा चौक राजवाड्याच्या पडवीत शिरला.

टॅनरबाई तेवढी आमच्यासोबत मांडवात उरली. केस गालाला चिकटलेले, हातात फाटकी कागदी फुलं. मांडवाचं कापड जाड होतं, त्यामुळे मध्यभागी सान इसिद्रो कोरडाठाक उभा होता. निळा कोट, शांत चेहरा. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग फुलं खाली टाकली, त्याला बैलांसकट बखोटीला धरलं आणि थेट चौकाच्या मधोमध जाऊन गारांत उभी राहिली.

"बघ!" ती ओरडली. पडवीत शेकडो माणसं होती, पण चिडीचूप. "बघ डोळे उघडून! वर्षभर राबले मी! ही फुलं बघ! ती पोरं बघ! एक दिवस, फक्त एक दिवस मागितला होता तुझ्याकडे, आणि तू तिथे कोरडा उभा? लाज नाही वाटत?"

आणि तिने त्याला असा काही गदगदा हलवला की नांगर धरणाऱ्या देवदूताचा हात मोडून पडला.

बेलार्मिनोने टोपी काढून छातीशी धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "कोमाद्रे," तो मला म्हणाला, "अगदी तुमच्या आईसारखी बोलते हो."

टॅनरबाई परत आली तेव्हा भानावर आलेली होती. लालेलाल. "मिस्टर ताफोया, मी... मला माफ करा. मी भरून देते."

"भरून कशाला? तुमचाच आहे तो."

"माझा?"

"विकला. तुम्हाला."

"पण मी कमिटीची प्रमुख आहे! मी कसा घेणार?"

मागे बसलेली एर्लिंडा उठली. "नियम काय होता बाई? एक विक्री. कोणाला, ते कुठे म्हटलं होतं? शिवाय हात मोडलाय. आमच्याकडे मोडलं की घ्यावं लागतं."

"तसा काही नियम नाही," बेलार्मिनो पुटपुटला.

"कोमाद्रे, त्यांना गप्प बसायला सांगा."

टॅनरबाईने चेक लिहिला. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळताना बेलार्मिनोने सवयीने विचारलं, "आता घरी नेऊन काय कराल?"

"भिंतीकडे तोंड," ती दात खाऊन म्हणाली. "माफी मागेपर्यंत."

गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण तिने खरोखरच तसं केलं. कमिटीच्या ऑफिसात, कपाटावर, तोंड भिंतीकडे. आणि त्या गारांनंतर पावसाचा थेंब पडला नाही. ऑगस्ट कोरडा गेला. आमच्या गल्लीमागच्या पाटाचं पाणी आटून चिखल झाला. मिरच्या माना टाकायला लागल्या. सप्टेंबर लागला आणि शेवटी पाटकरी ओनोफ्रे बेलार्मिनोच्या दारात उभा राहिला.

"ताफोया, एवढा जागृत संत तू ओहायोच्या बाईला विकलास? तिला रागावता येतं, पण राग सोडता कुठे येतो?"

मग ओनोफ्रे, बेलार्मिनो, एर्लिंडा आणि मी ऑफिसात गेलो. टॅनरबाईने आमचं सगळं ऐकून घेतलं.

"त्याने माफी मागितलेली नाही," ती म्हणाली.

"तो कधीच मागत नाही, बाई," ओनोफ्रे काकुळतीला आला. "आपणच समजून घ्यायचं असतं."

तिने पाठमोऱ्या संताकडे एक जळजळीत नजर टाकली. मग म्हणाली, "वळवते. एका अटीवर. मिस्टर ताफोया कोपऱ्यातल्या झाडाखालीच बसतील. कायम. मी कमिटीला कालच सांगितलंय. याने पुन्हा असा घात केला तर ओरडायला मला समोर कोणीतरी हवं, गल्लीबोळात शोधत कुठे फिरू?"

बेलार्मिनोने टोपी काढली, परत घातली. मग खुर्चीवर चढून त्याने स्वतःच्या हाताने संताचं तोंड खोलीकडे वळवलं, खिशातून देवदूताचा नवा कोरलेला हात काढला आणि सरस लावून बसवला. तो हात कधीपासून खिशात होता, हे एर्लिंडालाही माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी पाऊस आला. दमदार, दिवसभर. पाट दुथडी भरला. आम्ही सगळ्या बायका ओसरीत उभ्या राहून बघत होतो, तेवढ्यात ओनोफ्रे चिंब भिजून बेलार्मिनोच्या दाराशी आला.

"ताफोया! माझ्या छपरावर होत्या नव्हत्या तेवढ्या लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या!"

बेलार्मिनोने त्याला आत घेतलं, कॉफी दिली आणि खिडकीतून चौकाच्या दिशेने हात केला.

"माझ्याकडे नको रे. ऑफिस पाचपर्यंत उघडं असतं. बाईंना सांग."