मुद्दाम राखलेली कीड

माझे सासरे छत्तीस वर्षं इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायचे. कात्र्या, चिमटे, सुया धुवायच्या, वाफेच्या यंत्रात घालायच्या, जंतूचा मागमूस ठेवायचा नाही. निवृत्तीनंतर ती सवय घरात मुक्कामाला आली. चहाचा कप ते पिण्याआधी धुतात, पिऊन झाल्यावर धुतात आणि दुसऱ्या कुणी धुतला असेल तर परत धुतात. शेजारपाजारचे त्यांना चकाचक म्हणतात, तेही तोंडावर. त्यांना ते कौतुकच वाटतं.

गच्चीवरची भाजी मात्र सासूबाईंची, आणि तिथे चकाचकांना मज्जाव. सव्वीस कुंड्या. पाणी बुंध्याशी घालायचं, पानांवर नाही, नाहीतर बुरशी धरते. दोन रोपांमध्ये वारा खेळेल एवढी जागा, अधूनमधून झेंडू. अळ्या सकाळी हाताने वेचायच्या, फारच झालं तर निंबोळीचं पाणी. आणि कोपऱ्यात एक चवळी, जिच्यावर मावा मुद्दाम राहू दिलेला. शेंडे किड्यांनी काळे, पानं चिकट, मुंग्यांची ये-जा. तो मावा खायला ढालकिडे यायचे, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले, आणि आले की बाकीच्या कुंड्याही राखायचे.

"त्यांना इथे खायला मिळालं नाही तर ते राहतील कशाला?" सासूबाई मला म्हणायच्या.

माझी चार वर्षांची लेक बालवाडीतून आली की आजीमागे वर पळायची आणि एक टोमॅटो तोडून तिथेच खायची. न धुता. खाली आल्यावर तिच्या फ्रॉकवरचा रस बघून सासऱ्यांचा जीव खालीवर व्हायचा.

मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. आजी वर नाही म्हणून नातीचंही वर जाणं बंद. कुंड्या सासऱ्यांच्या हवाली झाल्या, चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. "फक्त पाणी घाला," एवढंच त्यांना सांगितलं होतं. चवळीचं सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती चवळी पाहिली आणि त्यांचं धाबं दणाणलं. त्यांना वाटलं, बायकोने विश्वासाने दिलेली बाग आपल्या हातून नासली. कुणाला पत्ता लागू न देता ते दोन आठवडे ओल्या कापसाने एकेक पान पुसत होते. मावा काही हटेना. शेवटी त्यांनी दुकानातून औषधाची बाटली आणली, सगळ्या कुंड्यांवर फवारली आणि चवळी उपटून टाकली. भाज्या अजून कोवळ्या आहेत असं सांगून त्यांनी चार दिवस एक मिरचीसुद्धा खाली आणली नाही. आम्हीही मान डोलावली.

पाचव्या दिवशी सासूबाई काळा चष्मा लावून वर गेल्या. मागोमाग नात, मागोमाग मी. पानं कशी लखलखत होती.

"बघ, कशी ठेवलीय," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी एक पान उलटून पाहिलं, मग दुसरं. "मुंग्या कुठे गेल्या?"

"थंडी पडलीय ना."

"आणि चवळी?"

"वाळली."

"अहो, एक ढालकिडा दिसत नाही. एक कोळी नाही. काय केलंत?"

तेवढ्यात लेकीने टोमॅटो तोडून तोंडाशी नेला. सासरे धावले आणि त्यांनी तिच्या हातावर फटका मारला. टोमॅटो फरशीवर फुटला, पोरगी रडायला लागली.

"विष आहे त्याच्यावर," ते म्हणाले. "मीच मारलंय."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांनी नातीवर कधी आवाजही चढवला नव्हता हे मला माहीत होतं, तरी आला.

सासूबाईंनी टोमॅटो, वांगी, मिरच्या, सगळं तोडलं. सासरे पोतं धरून उभे. "औषध मारलंत ते मारलंत," त्या म्हणाल्या, "पण मी विचारल्यावर थंडी कसली सांगता?" त्यानंतर आठ दिवस अबोला.

महिन्याभराने नवी चवळी वीतभर वाढली. हिरवीगार, एक किडा नाही. सासूबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, "मावा कुठूनतरी आणायला हवा. तुम्हीच आणा."

सासरे घरोघर निघाले. समोरच्या बाईंनी विचारलं, "मावा? दुधाचा? काय गोड करताय?"

"नाही हो, पानांवरचा. किडे."

"आमच्याकडे नसतात किडे!" बाईंनी दार लावलं. आणखी दोन घरांत तीच तऱ्हा. शेवटी तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी ओशाळून आपला घेवडा दाखवला. "कुणाला बोलू नका हं," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी शेंडा खुडला. पिशवीत चिरडेल म्हणून उघड्या तळव्यावर धरून ते तीन मजले चढले. किडे मनगटावर आले होते. गच्चीच्या दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "येऊ?"

"या," सासूबाई म्हणाल्या. "चवळीला टेकवून धरा. आपोआप चढतील."

जेवायला बोलवायला मी वर गेले, तेव्हा ते कुंडीपाशी मांडी घालून, शेंडा धरून बसले होते. सासूबाई शेजारीच पालथ्या बादलीवर.

"थांब जरा," सासरे मला हळूच म्हणाले. "अजून सगळे पोचले नाहीत."