बिनतारखेचा राजीनामा

नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी मी दोन कागदांवर सह्या केल्या. एक रुजू अहवाल, दुसरा माझाच राजीनामा. "वैयक्तिक अडचणीमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे, तो मंजूर व्हावा." हेडमास्तरांनी मजकूर तोंडी सांगितला आणि मी तो वळणदार अक्षरात उतरवला. तारखेच्या जागी पेन टेकवलं तर म्हणाले, "तारीख राहू द्या बाई. ते आम्ही पाहून घेऊ." मी तेवीस वर्षांची होते. जळगाव जामोदहून इतक्या लांब, डोणगावच्या अलीकडच्या एका गावात एकटी आले होते. कागद इतक्या सहज पुढे सरकवला गेला की मला वाटलं, असंच असतं. आणि चीड येते ती याची, की आमच्या भागातल्या बऱ्याच खाजगी शाळांत खरोखरच असंच असायचं.

सगळ्यांचे राजीनामे हेडमास्तरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात एका फाइलीत होते. संस्थेचे अध्यक्ष गावातले मोठे बागायतदार. शाळा त्यांना मळ्यासारखी आणि आम्ही सालदारासारखे. चित्रकलेच्या सरांनी त्यांच्या घरच्या लग्नात पंगतीला वाढायला जायचं नाकारलं, तर पुढच्या सोमवारी सरांचा राजीनामा मंजूर झाला. सरांनी तो त्या दिवशी दिलेलाच नव्हता. तारीख तेवढी पडली. त्यानंतर अध्यक्षांच्या घरच्या बारशालासुद्धा आम्ही अर्धा तास आधी हजर राहू लागलो. मीही राहिले. पाळण्याला फुलं बांधली.

एकट्या गणिताच्या सरांना हे सहन होईना. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, शेतकऱ्याच्या घरातले, बोलायला अघळपघळ पण फळ्यावर एक आकडा वाकडा खपवून न घेणारे. शिक्षक संघटनेचे ते तालुक्याचे चिटणीस होते. रविवारी सायकल काढायची आणि गावोगावच्या मास्तरांना गाठायचं, हा त्यांचा धंदा. महाराष्ट्र राज्य होऊन चौदा-पंधरा वर्षं झाली होती आणि खाजगी शाळांतल्या नोकऱ्यांसाठी कायदा हवा म्हणून संघटना सरकारच्या मागे लागली होती. आमदारांना पत्रं जात, मोर्चे निघत, बोर्डाचे पेपर तपासणार नाही अशी धमकी दिली जाई. सरांचा जीव मात्र एकाच कलमात अडकला होता. राजीनामा मास्तरानं तारीख घालून दोन प्रतींत लिहावा, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला पाठवावी, एक जवळ ठेवावी. नाहीतर तो राजीनामाच नव्हे. अशी मागणी आणखी कुणी कुणी केली असेल. मी ती पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकली.

हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं तेव्हा शेगावला जिल्ह्याची बैठक झाली. नागपूरला शिष्टमंडळ न्यायचं ठरलं. सर परत आले ते एक काम घेऊन.

"बाई, नुसतं भाषण करून आमदारायले काही पटत नाही. कागद पाह्यजे. कोऱ्या तारखेवर सह्या घेतल्या असं मास्तरायनं लिहून द्याले पाह्यजे. नाव, शाळा, सगळं."

"लोक देतील?"

"आठ तयार हायेत, आजूबाजूच्या शाळायतले. नववा मी."

"दहावी मी."

"तुमी नाही. तुमी एकट्या राह्यता इथं. तुमचं अक्षर चांगलं हाये, तुमी फक्त उतरवून द्या."

शनिवारी शाळा सुटल्यावर वाचनालयात बसून मी निवेदन कार्बन घालून लिहून काढलं. एक प्रत शिक्षणमंत्र्यांना, एक शिक्षकांच्या बाजूनं बोलणाऱ्या आमदारांना, एक संघटनेच्या दप्तराला. चौथा कागद उरत होता. आणि इथे माझ्या हातून ते झालं. किरकोळ रजेचा अर्जसुद्धा वरिष्ठांमार्फत द्यायचा, प्रत्येक अर्जाच्या तळाशी कुणाला तरी प्रत सादर करायची, ही सवय आम्हा मास्तरांच्या हाडीमाशी भिनलेली. मी तळाशी लिहिलं: प्रत माहितीसाठी सविनय सादर, मा. अध्यक्षसाहेब. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांनाच! सरांनी सगळं निवेदन वाचलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि पहिली सही केली. रविवारी सायकलवर गावोगाव फिरून त्यांनी बाकीच्या आठांच्या सह्या आणल्या. सोमवारी चौथी प्रत मी पाकिटात घालून शिपायाजवळ दिली. त्यानं ती आवक रजिस्टरला चढवून, पोच घेऊन, अध्यक्षांच्या घरी नेऊन दिली. एकाच्याही डोक्यात काही वाजलं नाही. नऊ पदवीधर आणि मी दहावी.

सर नागपूरला आमदार निवासाच्या व्हरांड्यात दोन दिवस बसले. आमदारांनी निवेदन घेतलं, सभागृहात मांडतो म्हणाले. सर आनंदात परतले, संत्र्यांची पिशवी घेऊन. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांना हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. मी हजेरीपट ठेवायला आत गेले होते, तिथेच थांबले. अध्यक्ष खुर्चीत बसले होते.

"सर, तुमचा राजीनामा संस्थेनं मंजूर केला."

"म्या कधी देला?"

"हे काय, सही तुमचीच हाये ना?"

सही सरांची होती. मजकूर जुन्या शाईत फिकट झालेला, आणि तारीख निळीशार, ताजी. हेडमास्तर खिडकीबाहेर पाहत होते. सरांनी कागद परत टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "नववीचं प्रमेय अर्धं राह्यलं हाये. तेवढं पुरं करू द्या." अध्यक्षांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. सर वर्गात गेले, प्रमेय पुरं केलं, फळा पुसला आणि सायकल घेऊन निघून गेले.

मी त्यांच्या घरी गेले. मुद्दाम शिव्या खायला गेले म्हटलं तरी चालेल. प्रत द्यायची ओळ मीच घातली, असं सांगितलं.

"म्या वाचली होती ना सही करताना," ते म्हणाले. "मलेही बरोबरच वाटली."

त्यांनी मला खरोखर शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहिले असते.

संघटनेनं सांगितलं, कायदा येऊन राह्यला, थोडं थांबा. सर थांबले. आणीबाणी आली, तिच्यात सगळंच थांबलं. सर शेगावला एका कापडाच्या दुकानात लागले. आमच्याकडे गणिताला अध्यक्षांचा पुतण्या आला. आणीबाणी उठली, मास्तर पुन्हा रस्त्यावर उतरले, शेवटी कायदा मंजूर झाला, आणि तो लागू व्हायला आणखी काही वर्षं गेली. मी तो हातात घेतला तेव्हा सगळ्यात आधी राजीनाम्याचं कलम शोधलं. होतं. दोन प्रती, तारीख, रजिस्टर पोस्ट, सगळं सर म्हणायचे तसं. मी तशीच जिल्ह्याच्या पदाधिकाऱ्यांकडे धावले.

"आता तरी सरांचं काही होईल?"

"बाई, कायदा पुढच्यासाठी असते. मागचं उकरता येत नाही."

इतपत मी गिळलं. पण पुढच्याच वर्षी शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या हद्दीवरून, अध्यक्ष आणि पुतण्याची जुंपली. अध्यक्षांनी कपाट उघडलं आणि पुतण्याचा राजीनामा मंजूर केला. सख्ख्या पुतण्याकडूनसुद्धा रुजू होताना तो लिहून घेतलेला होता! मला वाटलं, जागा मोकळी झाली, सरांना आणू. मी संघटनेला पत्र लिहिलं. उत्तर आलं की पुतण्या रीतसर सभासद आहे आणि संघटना त्याच्या पाठीशी उभी राहील. राहिलीही. रजिस्टर पोस्टाची पावती नाही म्हणून तो राजीनामा टिकला नाही. अध्यक्षांनी अपमान गिळून त्याला परत घेतलं. तालुक्यातला नव्या कायद्याचा पहिला विजय म्हणून आमच्याच शाळेत सभा झाली, पेढे वाटले. सरांच्या खुर्चीवरून आता त्याला निवृत्त होईपर्यंत कुणी हलवू शकणार नव्हतं. मी पेढा हातात धरून उभी होते आणि मला कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटत होती. कुणाच्या, ते ठरेना.

त्या रविवारी मी शेगावला गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सर गजानं कापड मोजून घड्या घालत होते. मी सगळं सांगितलं, रागारागात, मोठ्यानं. मालक पाहत होता.

"म्हंजे कलम लागलं?" त्यांनी विचारलं.

"लागलं."

त्यांचा चेहरा उजळला. खोटं सांगत नाही, मी तो पाहिला आणि मला त्यांचाच संताप आला. या माणसाचं सगळं गेलं आणि हा कलम लागलं म्हणून खुश होतो!

मग त्यांनी कापड बाजूला ठेवलं. "पोरगा शिकवते कसा?"

खोटं बोलावं असं वाटलं. बोलता आलं नाही. "फळ्याकडे तोंड करून गाईडातलं उतरवतो. दहावीला गणितात निम्मी मुलं नापास झाली यंदा."

"आन् त्याले आता काढता येत नाही."

"नाही."

सरांनी गज उचलला, परत खाली ठेवला. त्यांना नोकरीवरून काढलं त्या दिवशी, आणीबाणीत, दुकानात लागले तेव्हा, कधीच मी त्यांचे डोळे भरलेले पाहिले नव्हते.

"पोरायसाठी काहीच लिहिलं नाही हो आपण त्याच्यात," ते म्हणाले. "एक ओळही नाही."