आधी सांगणारा वेल्डर

कोर्टाने प्रोबेशनवर सोडलेल्या माणसाकडे तुम्ही तुमची उसाची ट्रॉली वेल्डिंगला द्याल का?

श्रीगोंद्यातल्या एका गॅरेजात कामाला असलेला माझ्या ओळखीचा वेल्डर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला आपण प्रोबेशनवर आहोत हे आधी स्वतःच सांगतो, मगच काच तोंडासमोर धरतो. परवा ते ऐकून एक बागायतदार गॅरेजमालकाला म्हणाला, “दुसरा मानूस न्हाई का?”

“हाय की, मी हाय,” मालक म्हणाले. “पन माजा जोड फडातच तुटंल.”

बागायतदार हसला आणि ट्रॉली ठेवून गेला. वेल्डर शीळ घालत कामाला लागला.

पण त्याची नोकरी एका मालकाच्या भलेपणावर टिकून आहे. अशांना काम देणाऱ्याला सवलत देणारा कायदा राज्यात हवा. तुमच्या आमदाराला गाठा आणि तो मागा.