कोपऱ्याच्या दोन खुर्च्या

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसायचो. आमच्या मालवणाकडे देवचार काय, मुंजा काय... मी स्मशानाच्या वाटेने एकटा आलोय, कधी काय दिसलं नाही. शिक्षण चौथी. लिहायची सवय नाही, म्हणून झालं तसं सांगतो.

मी लालबागच्या चाळीत राहतो. कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होतो. बायको सुलोचना यंदा गणपतीनंतर गेली. तेव्हापासून मला बंद जागेत बसवत नाही, श्वास कोंडतो. खोली असून गॅलरीत चटई टाकून झोपतो. मुलगा म्हणतो, "बाबा, खोली काढून टाकू, माझ्याकडे चला." मला खोली सोडायची नाही... आणि आत राहवतही नाही.

सुलोला नाटकाचं वेड. गिरगावातलं ते जुनं थेटर तिचं ठरलेलं. मला भिंतीकडे कोंबायची, स्वतः बाजूच्या खुर्चीत. "तुमी आत बसा, नायतर बिडयेक पळतल्यात." तरी इंटरवलला मी सुटायचो तो बिडीला टपरीवर, परत आत यायचोच नाही. शेवट ती घरी येताना सांगायची. लग्नापासून एका नाटकाचा शेवट मी बघितला नाही.

परवा रविवारी, आत श्वास कोंडेल हे माहीत असूनही, पाय त्याच थेटरकडे वळले; दुपारच्या खेळाला गेलो. खिडकीवर तोंडातून निघून गेलं, "दोन द्या, कोपऱ्यातली." तिकिटं हातात आल्यावर कळलं. परत काय करणार... आत जाऊन भिंतीकडे बसलो. बाजूची खुर्ची रिकामी, स्प्रिंगवर उभी.

तिसरी घंटा झाली. अंधार पडला, आणि ती खुर्ची करकरत खाली आली. कुणी बसलं की येते तशी. वाटलं, कोणीतरी उशिरा आलं. हात पुढे केला... कोणी नाही.

मला घाम फुटला. छातीत दाटलं. उठलो, पण तिथे जागा अशी की बाजूची खुर्ची वर केल्याशिवाय माणूस निघत नाही. ढकलली. हलेना. दोन्ही हातांनी उचलली. हलेना! गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ओलांडणार कसा? मागून कोणीतरी, "अहो आजोबा, बसा ना खाली!"

बसलो. पिंजऱ्यात उंदीर बसतो तसा.

इंटरवलला रांग रिकामी झाली. दारावरच्या माणसाला हाक मारली. धिप्पाड गडी, त्यानेही जोर लावला.

"काय ओ, कोणाला बसवलंय हिच्यावर?"

"बायकोला," मी बोललो. चिडून बोललो, पण अंगावर काटा आला.

तो हसला. "मग मी नाय उठवणार. आजींचा मार कोण खाणार? नाटक सुटलं की बघतो, आजोबा. पाणी आणू?"

परत अंधार. मी भिंतीला टेकलो आणि मनात तिला शिव्या घातल्या. सोड गो बाये, मरेन मी इथे... खुर्ची तशीच. मग नाइलाजाने स्टेजकडे बघायला लागलो. नाटकात एक म्हातारा, रुसून गेलेल्या पोरावर दार बंद करून बसलेला. वाटलं, हा आता मरणार. तर शेवटी तो उठला, स्वतःच्या हाताने कडी काढली, आणि बाहेर कोण आहे ते न बघता आत चहा टाकायला गेला. थेटर हसलं. मी रडलो. तिच्या दहाव्यालाही रडलो नव्हतो.

पडदा पडला, दिवे लागले... आणि खाड! खुर्ची आपोआप वर.

दारावरचा माणूस आला. एका बोटाने खुर्ची खाली केली, सोडली. वर. परत केली. वर. माझ्याकडे बघितलं, मस्करी केली नाही. "आजोबा, सांभाळून जा," एवढंच म्हणाला.

स्प्रिंग अडकली असेल, तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणतो. पण नाटक संपेपर्यंतच कशी अडकली, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

घरी आलो. चटई आत टाकली. दार लावलं. श्वास नीट चालला होता. सवयीने तिच्या फोटोसमोर बसलो आणि शेवट सांगायला लागलो... "तो म्हातारा उठला गो..."

मग गप्प झालो. तो शेवट तिनेही बघितला होता.