चैन कर आणि पी

लिन बाईंच्या दुकानातल्या बाकावर अर्धा तास बसलं, की एखादा तरी किस्सा घेऊनच उठावं लागायचं. मुद्दाम लक्षात ठेवावे लागत नव्हते. माझ्या व्हॅनच्या डॅशबोर्डवर पार्किंगच्या पावत्या साठतात, तसे ते साठत गेले. ताई जाऊन आता सहा आठवडे झालेत. घरी कुणी भेटायला आलं की मला दुसरं काही बोलता येत नाही, मग मी हेच सांगत बसतो. लोक हसतात. आईसुद्धा एकदा हसली.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. ती बँकेत कॉम्प्युटरचं काम करायची, मी पार्सलची व्हॅन चालवतो. शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली. मराठी लिहायला मला तिनंच शिकवलं, हॅरोच्या आमच्या किचनमध्ये, कान पिळून. तिच्या फुप्फुसांचा आजार जुना होता. हॉस्पिटलची ट्रीटमेंट चालूच होती, पण छातीत कफ भरलेला आणि दोन घास खाल्ले की पोट गच्च. वजन उतरत चाललेलं. तिला भूक लागावी, एवढंच आम्हांला हवं होतं.

शेजारचे कर्वे आजोबा अॅसिडिटीसाठी वेम्बलीला ईलिंग रोडच्या मागे एका चिनी काढ्यांच्या दुकानात जायचे. त्यांनी आम्हांला तिथं नेलं.

*

पहिल्याच दिवशी मी भांडलो. आम्ही आत पाऊल टाकलं आणि काउंटरमागच्या बाईंनी ताईकडे बघून विचारलं, "ईट ऑलरेडी?"

माझं डोकं सटकलं. हाडं दिसतायत पोरीची, आणि ही बाई टोमणे मारते! मी म्हटलं, "खाता येत असतं तर इथं कशाला आलो असतो?"

आजोबांनी माझा दंड धरून मला बाकावर बसवलं. "अरे राजू, त्यांच्यात हाय-हॅलोसारखं विचारतात ते. तुझी आई दारात आलेल्याला काय विचारते?"

"जेवलात का."

"मग? तेच विचारलं तिनं. जा, सॉरी म्हण."

मी सॉरी म्हटलं. लिन बाईंनी मला सेवंतीच्या फुलांचा गार चहा दिला आणि म्हणाल्या, "यू, टू मच हीट."

*

कफ सुटावा आणि अन्न पचावं म्हणून त्यांच्याकडे एक जुना काढा आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'दोन जुने'. त्यातल्या दोन वस्तू जितक्या मुरलेल्या, तितका काढा चांगला. हे आम्हांला नंतर कळलं.

त्या दिवशी आई बरोबर होती. आई आणि आजोबा बाकावर शेजारी शेजारी बसलेले. लिन बाईंनी त्यांच्या डोक्यावरच्या फळीकडे बोट केलं आणि ताईला समजावलं, "टू ओल्ड. व्हेरी ओल्ड. व्हेरी गुड."

आजोबा ताठ बसले. "मला म्हणा, मी ऐंशीचा आहे. पण या बाई अजून पासष्टच्याही नाहीत!"

*

त्या दोन वस्तूंपैकी एक म्हणजे संत्र्याची वाळवलेली साल. लिन बाईंनी तपकिरी तुकडे वजनकाट्यावर टाकले आणि नाव सांगितलं, "चेन पी."

ताईनं माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस? डॉक्टर म्हणतात विश्रांती घे. ही म्हणते चैन कर आणि पी."

ती स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की खोकला थांबेना. लिन बाई पाणी घेऊन धावत आल्या. ताईनं दम खात त्यांना सांगितलं, की आमच्या भाषेत 'पी' म्हणजे ड्रिंक. बाईंना ते फार आवडलं. पुढच्या वेळेपासून पुडकं हातात देताना त्या ताईला दरडावून म्हणायच्या, "ताई, पी." 'ताई' हे तिचं नाव आहे असंच त्यांना वाटायचं. आम्हीही कधी दुरुस्त केलं नाही.

*

काढ्यानं ताई बरी होणार नव्हती. लिन बाईंनी हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि त्यासाठी मी त्यांचे पाय धरायला तयार आहे. पण सकाळी कफ थोडा सुटायचा, दुपारी ती अर्धी वाटी भात मागून घ्यायची. मागून! आई किचनमध्ये जाऊन डोळे पुसायची.

त्या आनंदात ताईनं चार दिवस इन्हेलर घेतला नाही. दुकानात मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आय डोन्ट नीड इट नाऊ."

लिन बाईंनी तिच्या हातातलं पुडकं काढून घेतलं आणि परत ड्रॉवरमध्ये टाकलं. "यू स्टॉप डॉक्टर, आय स्टॉप यू."

मला म्हणाल्या, गाडी काढ, घरून इन्हेलर घेऊन ये. दुकानासमोर परत आल्यावर ताईनं व्हॅनमध्ये बसून इन्हेलर घेतला, तो मी खिडकीतून त्यांना दाखवला, तेव्हा कुठं पुडकं परत मिळालं.

*

साल लागते ना, मग विकत कशाला घ्यायची, असं माझ्या डोक्यात आलं. डोक्यात आलं की मी थांबत नाही. दोन पेट्या संत्री आणली, घरातल्या सगळ्यांना सक्तीनं खायला लावली आणि साली रेडिएटरवर वाळत टाकल्या. आठ दिवसांनी पिशवी भरून दुकानात घेऊन गेलो, ताई आणि आई बरोबर होत्या.

लिन बाईंनी एक तुकडा हुंगला. "हाऊ ओल्ड?"

"एट डेज."

त्यांनी पिशवीला गाठ मारून माझ्या हातात दिली. "कम बॅक, थ्री इयर्स."

तोवर ताईचे रिपोर्ट आले होते, आणि तीन वर्षांचं गणित आम्हां सगळ्यांना येत होतं.

ताईच म्हणाली, "ठीक आहे. मी तोवर आंघोळ करून घेते. तेवढा वेळ मला लागतोच."

सगळ्यात आधी हसल्या त्या लिन बाई, त्यांना एक अक्षर कळलं नसताना.

*

ताई गेली त्याच्या पाचव्या दिवशी पंधरा दिवसांचं पुडकं आणायची तारीख होती. सांगायला तर हवं, म्हणून मी एकटाच गेलो. व्हॅनमध्ये वाक्य पाठ केलं होतं. इंग्रजीतला तो शब्द मला ताईसाठी वापरवत नव्हता, म्हणून मी आपल्यासारखंच म्हटलं, "ताई वेंट."

"व्हेअर वेंट?"

मी काउंटरवरचा वजनकाटा उगाच सरळ केला.

"इंडिया?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली. का हलवली, मला माहीत नाही.

लिन बाईंचा चेहरा उजळला. "गुड! वॉर्म. गुड फॉर लंग." त्यांनी दुप्पट पुडकं बांधलं. "यू पोस्ट."

मी ते घेऊन घरी आलो. त्यानंतर आणखी एकदा गेलो, आणखी एक पुडकं आलं. दोन्ही आईच्या कपाटात आहेत.

गेल्या शनिवारी, आज खरं सांगायचंच, असं ठरवून निघालो. कर्वे आजोबा आधीच बाकावर बसलेले होते. क्रेमेटोरियममध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, ते हेच.

मी तोंड उघडायच्या आत लिन बाईंनी विचारलं, "ताई ईट?"

त्या वाट बघत होत्या, हातात सालीचा तुकडा तसाच धरून.

"टू चपाती," बाकावरून आजोबा म्हणाले. मग मला शेजारी जागा करून देत, "विथ राइस."