सुमनचा हात चुकला नव्हता

वार सोमवार. कापसाची पहिली वेचणी नुकतीच घरात आली होती. आदिलाबादच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही चौघं होतो – डॉक्टर, माझी माय, माझी बायको सुमन आणि मी. आकडा होता उजव्या डोळ्याला बत्तीस, डाव्याला अठ्ठावीस. हा डोळ्यातला दाब. एकवीसच्या आत असावा म्हणतात. त्या खोलीत मी एका प्रश्नाचं उत्तर खोटं दिलं. ते खोटं होतं हे आजवर डॉक्टर आणि मी, दोघांनाच ठाऊक आहे. तुम्ही तिसरे.

आधी मी कोण ते सांगतो. घर नार्नूरला. हंगामात एका जिनिंगवर कापसाचा ओलावा मोजायचं काम करतो. गाडीतल्या कापसात मीटर खुपसायचा, आकडा वाचायचा, लिहायचा. वरून कोरडा आणि आत पाणी मारलेला कापूस इतक्यांदा पाहिलाय, की समोरचा माणूस बोलायच्या आधीच माझा त्याच्यावरचा विश्वास उडालेला असतो. जिनिंगवर हे चालतं. पण ती सवय माझ्यासोबत घरी यायची – आणि घरी तिला कोण अडवणार होतं?

मायला काचबिंदू निघाला, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. हे काम सुमनचं. चूल पेटवायच्या आधी हात धुऊन ती मायच्या उशाशी बसायची. थेंब सुरू झाल्यावर दाब सतरा-अठरावर आला. मी वहीत लिहून ठेवत होतो. पावसाळ्यात तो बावीस झाला. मग सव्वीस. मग त्या सोमवारचा बत्तीस.

डॉक्टरांनी विचारलं, "दवा रोज डालते क्या?" आम्ही सगळ्यांनी सुमनकडे पाहिलं. "रोज डालती जी, दो टाइम," ती म्हणाली. मग ते माझ्याकडे वळले. "और कोई गोली चलती? घुटनों की, दमे की? कोई सुई?"

सुमननं तोंड उघडलं. "जी, मायच्या त्या पुड्या –"

"वो ताकत की है," मी मध्येच म्हणालो. "विटामिन."

नवरा सांगतो म्हणजे तसंच असेल, असं तिला वाटलं असावं. पुडी माझ्या शर्टाच्या खिशात होती. दुपारची.

त्या पुड्या मी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून आणत होतो, त्यांचा खर्चही वहीत लिहीत होतो. मायला संधिवात. सकाळी बोटं सुजलेली असायची, मूठ मिटायची नाही, तांब्या दोन्ही तळव्यांत धरून उचलायची. गावच्या डॉक्टरनं कागदाच्या पुड्यांत सुट्या गोळ्या दिल्या. त्यानं कोणती पदवी घेतली, हे मी विचारलं नाही – मी, जो प्रत्येक गाडीवाल्याला विचारतो की कापूस कोणत्या रानातला. तिसऱ्या दिवशी माय भाकर थापायला बसली. "कोन्त्या देवाचा अंगारा आणला रे बापू?" म्हणाली. मला फार बरं वाटलं. एवढंच तो डॉक्टर म्हणाला होता, की शहरात सांगू नका, ते बंद करतात.

मग मी खोटं का बोललो? मायचं दुखणं परत येईल म्हणून? थोडं तेही. पण खरं सांगायचं तर मला त्या डोळ्यांच्या डॉक्टरवर संशय होता. आधी विचारतात, मग तपासण्या लिहितात, मग दुसऱ्या डॉक्टरकडे धाडतात – असं मी मनाशी धरून बसलो होतो. ज्यानं नाव नसलेल्या गोळ्या दिल्या त्याच्यावर विश्वास, आणि ज्यानं सरळ प्रश्न विचारला त्याच्यावर संशय.

परतीच्या बसमध्ये सुमनशेजारी न बसता मी पुढच्या सीटवर इंद्रवेल्ली येईपर्यंत वहीतले आकडे पाहत बसलो. दाब वाढतो म्हणजे थेंब पडत नाहीत, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी एक नवी बाटली घेतली आणि सगळे थेंब बशीत मोजले. एकशे सोळा. रोजचे चार, म्हणजे बाटली एकोणतीस दिवस चालायला हवी. सुमनची बाटली सव्विसाव्या दिवशी संपली. मी म्हणालो, बाहेर सांडते. पुढची बत्तीस दिवस पुरली. मी म्हणालो, टाकतच नाही. पाहा, माझ्या हिशोबातून सुटायला तिला वाटच नव्हती. मी बाटलीवर पेनानं रेघ मारायचो, उजेडात धरून पाहायचो. एका सकाळी तिनं पाहिलं.

"कापसाच्या गाडीवानी मले मोजून राह्यले का?" ती हसत म्हणाली. मी हसलो नाही. मग तीही थांबली.

मी नेरडीगोंड्याच्या बहिणीला कळवलं, की सुमन थेंब नीट टाकत नाही. ती आली, मायच्या उशाशी बसली. दोघींचं काय बोलणं झालं माहीत नाही. पण त्या संध्याकाळी सुमन बाटली घेऊन आली, तेव्हा मायनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुह्या हातचं नको," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून थेंब मी टाकू लागलो.

आणि चारच दिवसांनी – हे चार दिवस नीट लक्षात ठेवा – गावचा डॉक्टर एका लग्नाला गेला म्हणून पुड्या मिळेनात. मी आदिलाबादला औषधाच्या दुकानात गेलो. मायच्या थेंबांची चिठ्ठी दिली आणि सोबत पुडीतली एक गोळी दाखवली. गावच्या डॉक्टरच्या कंपाउंडरनं मागच्या खेपेला पुडीत पट्टीचाच तुकडा कापून दिला होता, त्याच्या मागे अर्धं नाव होतं. दुकानदारानं गोळी पाहिली, चिठ्ठी पाहिली.

"ये स्टिरॉइड है, काका. ये आँख के प्रेशर की दवा. दोनों एक ही पेशंट के?"

मी हो म्हणालो.

"आँख के डॉक्टर को मालूम है?"

काउंटरवर हात ठेवून मी उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "अण्णा, जरा सरका." मी सरकलो. वही खिशात होती. उघडून पाहायची गरज नव्हती. पुड्या सुरू झाल्या तो महिना आणि दाब चढायला लागला तो महिना – दोन्ही माझ्याच अक्षरात.

मी तसाच दवाखान्यात गेलो. एकटा. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. काहींना या गोळ्यांनी डोळ्यातला दाब चढतो, म्हणूनच विचारलं होतं, म्हणाले. मी विचारलं, आजच बंद करू का? ते ताडकन म्हणाले, अजिबात नाही – इतके महिने घेतलेल्या गोळ्या एकदम तोडल्या तर जिवावर बेतू शकतं. त्यांनी सांधेदुखीच्या डॉक्टरच्या नावे चिठ्ठी दिली. त्या डॉक्टरांनी दुसरं औषध सुरू केलं आणि या गोळ्या हळूहळू, आठवड्यांच्या हिशोबानं उतरवल्या. हे सगळं पहिल्याच दिवशी होऊ शकलं असतं. मायचे सांधेही सांभाळता आले असते आणि डोळेही. फक्त एक "हो" म्हणायचं होतं.

इथवर आलो तर तुम्ही म्हणाल, बरं केलं, चूक सुधारली. थांबा. खरी गोष्ट आता येते.

खोलीतून निघताना मी दारात थांबलो आणि डॉक्टरांना म्हणालो – हे घरी सांगू नका, बाया घाबरतात. त्यांनी होकारार्थी मान डोलावली. घरी मी एवढंच सांगितलं की सांध्यांच्या गोळ्या बदलल्या.

दाब उतरला. चोवीस, मग एकोणीस, मग सतरा. घरानं हिशोब केला. सुमन थेंब टाकत होती तेव्हा बत्तीस, लेकानं हातात घेतले तर सतरा. बहीण आली तेव्हा अंगणातूनच म्हणाली, "दादा, तुह्या हातात आलं अन् उतरलं पाय!" माय म्हणाली, "लेकराचा हात तो लेकराचाच." सुमन चहा गाळत होती. गाळणी तशीच धरून म्हणाली, "माहाच हात चुकत असन मग."

मी तिथेच बसलो होतो. तीन पावलांवर. मी चहा घेतला.

मायच्या उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली ती गेलीच. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. उजवीकडून कोणी आलं की ती दचकायची, आणि दचकली की "सुमननं घालवला डोळा" म्हणायची. शेजारणींनाही सांगायची. असं दोन वर्षं. मागच्या वर्षी माय गेली. साध्या तापानं.

यंदा माझाही दाब चढलेला निघाला. उजवा पंचवीस. काचबिंदू घराण्यात उतरतो. मी सुमनला थेंब टाकायला सांगितलं. ती धान पाखडत होती. "माहा हात डोळ्याले नाई लागत," म्हणाली, "तुमी तुमच्याच हातानं टाका." ती ते खरं मानून म्हणाली, की तिला सगळं कळलंय आणि माझंच खोटं ती मला परत करून राह्यली? मी तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला आकडा वाचता आला नाही. आता मी आरशासमोर मान मागे टाकून स्वतःच थेंब टाकतो. दर तीन थेंबांतला एक गालावर जातो.

आमच्याकडे सासूच्या हातातले गोठ थोरल्या सुनेला जातात, जी शेवटपर्यंत करते तिला. मायचे चांदीचे गोठ. वजन मीच केलं – अठरा तोळे. मायनं सांगून ठेवलं होतं, ते बहिणीला द्यायचे, सुनेला नाही. मागच्या वर्षी, मायच्या तेराव्याच्या दिवशी, सुमननं ते चिंचेच्या पाण्यानं घासले, पदरानं पुसले आणि स्वतः बहिणीच्या हाती दिले. मी समोर बसलो होतो.